सांगावा नेनारा पानी पेत नाही

वाघदरा, पोस्ट मारेगाव
ता. १८ जून १९५७

परभे,

जयभीम. तुह्यं पत्र भेटलं. चार पानं लिहिलं. एवढं कायले? ताप आहे, हत्ती नाही. तुह्या मोठ्या मायनं दोनदा वाचाले लावलं. दुसऱ्या वक्ताले मी अर्धं गाळून वाचलं, तिले समजलं नाही.

तू म्हनते का तिकडं यवतमाळच्या तुह्या दवाखान्यात खाटा भरल्या, पडवीत लोकं निजवून राह्यले, अन् तुह्या डॉक्टरले खेड्यायची खबर पायजे. कोन पडलं, किती उमरचं, पयले काय दुखलं, मंग काय झालं. मी चौथी नापास मानूस. पायलं ते सांगतो, बाकीचं त्यानं आपल्या अकलेनं समजून घ्यावं.

पयले हुडहुडी भरते. मंग कपाळ अन् डोयाच्या मांगं दुखते, डोये इकडचे तिकडं केले तरी ठनक मारते. आंग असं मोडते जसं कोनं जोत्याले बांधून दिवसभर हाकललं. खोकला कोरडा, छातीत खरडल्यावानी. लेकरायच्या नाकातून रगत येते, माया घाबरतात, पन थे आपोआप थांबते. तीन दिवस ताप राह्यते, मंग घाम सुटते अन् उतरते. मानूस उठते, भाकर मांगते, पाय लटपट करते. एका घरात एक पडला का चार दिसात सारं घर आडवं.

आता कोन पडते ते आयक. शायेतली पोट्टी पयले. मंग जवान गडी, जवान बाया. आमी म्हातारे पडत नाही. मी, पाटलाचा बुडा, सटवा तेली, सारे चावडीच्या वट्ट्यावर विड्या ओढत बसतो अन् जवान मानसं घरात कन्हून राह्यले. याचा अर्थ मले विचारशील तर साधा आहे. आजकालची हाडं कच्ची. चाय पेऊ पेऊ झाली. मी अठरा सालची मानमोडीची साथ पायली आहे. तवा मले मिसुडं फुटत होतं. घरात दिवा लावाले मानूस राह्यलं नोतं. हे काही मानमोडी नाही.

मेला तो एकच, गोविंदा. कुनब्याचा पोरगा, असा गडी का खांद्यावर वखर घेऊन नाला पार करे. तिसऱ्या दिसी ताप उतरला, उठला, वखर जुपलं. सांजेले छाती धरून घरी आला. थुकी लाल झालती, गंजल्या लोखंडावानी. मंग काही राह्यला नाही. हे डॉक्टरले सांगजो, कामात पडन.

त्याच दिसी पाटलानं मले बलावलं. म्हने, गोविंदाच्या बहिनीले सांगावा न्या. तू लहानपनापासून बोर्डिंगात, तुले पुरतं मालूम नसन. सांगावा म्हंजे मौतीची खबर. माह्या आज्यानं नेली, बापानं नेली, तीस वर्स मी नेली. दहा गावातले लोकं मले दुरून वयखत. तोंडावर फडक्याचा शेव, हातात घुंगराची काठी, हात खाली, वाटेत कोनाशी बोलनं नाही. घरात पाय टाकाचा नाही. आंगनात उभं राहाचं, सांगाचं अन् फिराचं. पानी देल्लं तरी घ्याचं नाही. सांगावा नेनारा पानी पेत नाही, हे लहान लेकराले बी ठाऊक राहे. मी पानी पेलो का बाया म्हनत, चला, आज कोनी मेलं नाही.

मागच्या दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली अन् घुंगरू काढून नाल्यात टाकले. पाटलाले म्हनलं, ते काम सोडलं. तो म्हने, "उकंडा, मौत काय, कोनाच्याही घरी येते." मी म्हनलं, "म्हनूनच तिची खबर कोनीही नेऊ शकते." त्यानं आपला पुतन्या सायकलवर धाडला. बरं झालं. पुतन्याले बी वाट समजली.

कौसल्या सोनेगावले सासरी बरी आहे. सातवा महिना लागला. तू तिच्या कायजीचं पान भरून लिहिलं, त्याची गरज नाही. पोरगी माही आहे, कपबशी नाही.

उकंडा


यवतमाळ
ता. २५ जून १९५७

मोठेबाबा,

जयभीम. मोठ्या मायला जयभीम सांगा, आणि हे पत्र न गाळता वाचून दाखवा.

तुमचं पत्र मी डॉक्टरसाहेबांना वाचून दाखवलं. "चाय पेऊ पेऊ" ला हसले. गोविंदाच्या ओळींवर आले तसे हसायचे थांबले, परत वाचायला लावलं. इथंही तेच चाललं आहे. ताप उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, तो उठून कामाला लागतो, आणि त्याच वेळी रोग छातीत शिरतो. सगळ्यांच्या नाही. शंभरात थोड्यांच्या. पण कोणाच्या, ते आधी कळत नाही. उठल्यामुळे शिरतो की शिरणारच असतो हेही डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. एवढंच म्हणतात की निजून राहिलेले जास्त वाचतात.

म्हाताऱ्यांना कमी होतो हे इथंही दिसलं. हाडांचा त्यात काही संबंध नाही. डॉक्टरांचा अंदाज आहे की अशीच एखादी साथ तुमच्या लहानपणी येऊन गेली असेल आणि तुमच्या अंगानं ती ओळखून ठेवली असेल. अंदाजच आहे. पण तुम्हाला नाही झाला तरी तुमच्या कपड्यावरून, हातावरून तो दुसऱ्याच्या घरात जाऊ शकतो.

आता ज्यासाठी लिहिते ते. बायांच्या वॉर्डात पोटुशा बाया तीन आल्या. पोट वर आलेलं असतं, श्वासाला आधीच जागा कमी. तिघींपैकी एक घरी गेली. बाकीच्या दोघी कौसल्यापेक्षा मोठ्या नव्हत्या. मी त्यांच्याजवळ होते. याहून जास्त लिहीत नाही.

मोठेबाबा, तुम्ही स्वतः सोनेगावला जा. भीमराजभाऊजी सडकेच्या कामावर पांढरकवड्याला, आणि तिकडे पत्र वाचून दाखवणारे एक मास्तर, तेही आजारी पडलेत असं कळलं. तिच्या सासूला, भागरतामायला सांगा, कौसल्याला ताप आला तर आठ दिवस खाट सोडू देऊ नका. ताप उतरला तरी नाही. पाणी भरणं नाही, वावरात जाणं नाही. श्वास भराभर चालला, ओठ जांभळे दिसले, थुंकी लाल आली, तर वाट न पाहता इकडे आणा.

आणि तुम्ही तिथं गेल्यावर एवढं पाळा. वाटेत कोणाच्या दारात थांबू नका, गप्पा नको. घरात शिरू नका, अंगणातूनच बोला. तोंडाला फडकं बांधा. त्यांच्या भांड्यातलं पाणी पिऊ नका. या घरचं सामान त्या घरी नेऊ नका. सांगायचं तेवढं सांगा आणि परत फिरा. तुम्हाला हा सगळा तमाशा वाटेल. माझ्यासाठी करा.

तुमची
प्रभावती


वाघदरा
ता. १ जुलै १९५७

परभे,

पत्र गाळलं नाही. मोठ्या मायनं आयकलं अन् तव्यावरची भाकर जाळली. ते जयालेली भाकर मलेच खा लागली.

हाडायचं मी मांगं घेत नाही. डॉक्टरले सांग, अंदाजच कराचा असन तर माहाही अंदाजच आहे.

पेरनी चालू आहे. गावात अर्धे लोकं आडवे, तिफनीमांगं चालाले मानूस नाही, मी दोन घरची पेरून राह्यलो. अशा वक्ताले जाऊन इहीनबाईले सांगू का आमच्या पोरीले आठ दिवस खाटेवर ठेवा? भागरता तोंडाची फटकय आहे. म्हनन, सोयऱ्यानं लेक नाही देल्ली, रानी देल्ली. अन् कौसल्याले अजून काही झालं बी नाही. पेरनी सरली का जाईन.

ता. २. वरचं काल लिहिलं. आज मारेगावची सुग्राबी बांगड्याची टोपली घेऊन आली, ते सोनेगाववरूनच आलती. म्हने, कौसल्यानं बांगड्या भराले हात पुढं केला अन् मी सोडून देल्ला, हात भट्टीवानी. परवा सांजेपासून हुडहुडी आहे म्हने. डोयाच्या मांगं दुखते म्हने.

पेरनी ऱ्हाऊ दे. उद्या उजाडताच निघतो. तू लिहिलं तसंच करतो, एक अक्षर कमी नाही. वाटेत थांबत नाही. कोनाशी बोलत नाही. तोंडाले फडकं. आंगनातूनच सांगतो अन् फिरतो. पानी पेत नाही. मोठी माय सांडग्याचं गाठोडं बांधून बसली होती, ते बी घरी ठेवलं. रुसली. रुसू दे.

आता तरी खूश रहाय.

उकंडा


मारेगाव, सडकेवरून
ता. ६ जुलै १९५७
जवाई भीमराजच्या हाती

परभे,

कौसल्याले धाडून राह्यलो. रहमत मेकॅनिकचा सागाचा टरक आहे, चाक बदलून राह्यला, तवर लिहितो. समोर दोघायचीच जागा, ते अन् काल पांढरकवड्यावरून आलेला भीमराज. मी मांगं लाकडावर बसतो म्हनलं, रहमत आयकत नाही. म्हने, चाचा, तुम गिर गये तो मरीज को पहुंचाऊं या तुम को ढूंढूं.

पयले डॉक्टरचं. ३ तारखेले सकायी ताप उतरलता. ४ ले रातच्याले परत चढला, पयल्यापेक्षा जास्त. काल सकायपासून धाप लागून राह्यली. चार शब्द बोलते, थांबते, मंग बाकीचे बोलते. उजव्या कुशीवर निजताच येत नाही, बरगडीत सुई टोचल्यावानी होते म्हनते. थुकी लाल. ओठ सकायपासून जांभये. नखं बी. पोटातलं काल हालत होतं. आज ते काही सांगत नाही, मी विचारत नाही.

आता हे काहून झालं ते आयक.

३ ले उजाडता निघालो. भुरभुर पानी होतं. सोनेगावच्या विहिरीवर बाया होत्या. एकीनं बादली पुढं केली, पानी घ्या म्हने. मी मान हालवली. तिच्या हातात बादली तशीच राह्यली. दुसरीनं पदर तोंडाले लावला. मी मनात म्हनलं, काय पायतात ह्या. पुढं गेलो.

भागरताच्या आंगनात उभा राह्यलो. ते सूप घेऊन बाहीर आली. मले पायलं अन् सूप हातातून पडलं, सारे तांदूय चिखलात. म्हने, "पारबता गेली?"

पारबता म्हंजे तिची लेक, आपल्या वाघदऱ्यालेच देल्ली, आपल्या घराच्या दोन घरं पल्याड. मी म्हनलं, नाही. फडक्यातून कोनाले आयकू जाते. ते खाली बसली अन् छाती बडवू लागली. सारी वस्ती धावली. बाया गयात पडून रडू लागल्या.

तवा मले समजलं का मी कसा दिसून राह्यलो. तोंडावर फडकं, हातात काठी, हात खाली, विहिरीवरचं पानी नाकारून आलेला, आंगनात उभा. दर खेपी पोरीकडं येतो तवा मोठी माय संगं राह्यते, गाठोडं राह्यते, विहिरीवरच बसून तांब्याभर पेतो अन् कोन्या ना कोन्या म्हातारीची खोडी काढतो. घुंगरू टाकले, पन चाल तीच राह्यली.

फडकं काढून फेकलं. बोंबललो, कोनीच मेलं नाही म्हनून. भागरता आयके ना. म्हनलं, तुमची पारबता काल सांजेले आमच्या घरून मीठ घेऊन गेली, अजून परत नाही केलं. मीठ आयकलं तवा ते चूप झाली. पारबताची सवय तिले ठाऊक आहे. डोये पुसून मले शिव्या द्याले लागली. चांगल्या देल्ल्या. मी खाल्ल्या.

मंग कोनं तरी म्हनलं, आतली खाट रिकामी आहे.

कौसल्या निजूनच होती. ताप उतरला तरी निजून होती, कोनं सांगाची गरज बी नोती, पोरगी शहानी आहे. तिनं रडनं आयकलं, दाराच्या फटीतून मले तसं पायलं, अन् तिले वाटलं तिची माय गेली. मांगच्या दारानं निघाली, वाघदऱ्याच्या पायवाटेनं, वावरावावरातून. मी इकडं मिठाचं सांगत होतो तवा ते पानी झेलत पयत होती.

तिले नाल्यानं थांबवलं, मी नाही. सकायी मी उतरलो तवा घोटाभर पानी होतं, आता पूर होता. काठावर चिखलात बसलती, पोट दोन्ही हातानं धरून, केसातून पानी गयत होतं. म्हने, "बाबा, माय गेली ना?"

मी म्हनलं, "तुही माय भाकरी थापून राह्यली अन् मले शिव्या देऊन राह्यली."

हासली. हासता हासता खोकला लागला, तो मंग थांबलाच नाही. मी तिले पाठीवर घेऊन आनलं. दोन जिवायचं वजन, तरी हलकी लागली.

तुले दोष देत नाही. तू लिहिलं ते बरोबर होतं. मी केलं ते बी तू लिहिलं तसंच होतं.

मोठी माय तापानं पडली नाही, पन उठून बी बसत नाही. म्हनून परत तिच्याकडं जातो. रहमत भोंगा वाजवून राह्यला. भीमराजले दवाखान्यात उभं राहाचं कुठं ते बी समजत नाही, त्याले सांभाय.

उकंडा


यवतमाळ
ता. १५ जुलै १९५७

मोठेबाबा,

जयभीम. हे पत्र मोठ्या मायला वाचून दाखवण्याआधी तुम्ही एकटे वाचा. मग तिला सगळं सांगा.

कौसल्या जगली आहे. हे आधी लिहिते म्हणजे पुढचं नीट वाचाल.

रहमतभाईंनी गाडी दवाखान्याच्या फाटकातच आणून लावली आणि स्वतः खाली उतरून माणसं बाजूला केली. ती आली तेव्हा एका मिनिटात चाळीसवर श्वास घेत होती. उजवं फुफ्फुस भरलेलं. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं, नाकाशी हवेची नळी लावली. तुमचं पत्र त्यांनी उभ्यानंच वाचून घेतलं. म्हणाले, यापेक्षा जास्त मला विचारायचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. पोरगी झाली. रडली नाही. मी तिला बराच वेळ पालथी धरून पाठ चोळली. डॉक्टरांनी माझ्या हातातून घेतली तेव्हा मी सोडली. रंग कौसल्यासारखा होता आणि कपाळ तुमचं. भाऊजींनी आणि मी तिला इथंच माती दिली. बुद्धवंदना भाऊजींना पुरती येत नव्हती, मी म्हटली.

त्यानंतर तीन दिवस कौसल्याची आशा नव्हती. चौथ्या दिवशी घाम फुटला. या खेपेचा घाम खरा होता. आता ताप नाही, श्वास वीस-बावीसवर आला आहे, ओठांना रंग आला आहे. डाळीचं पाणी पिते. डॉक्टर महिनाभर तरी सोडणार नाहीत. पोरीचं तिला माहीत आहे. कोणी सांगितलं नाही, तिनंच पोटावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर एकदाच बोलली. म्हणाली, बाबाले म्हना, वाटेत मले कोनी थांबवलं नाही, नाल्यानं थांबवलं, नाहीतर मी मायपर्यंत पोचलीच असती.

मी डॉक्टरांना विचारलं, ती त्या दिवशी उठली नसती तर. ते म्हणाले, सांगता येत नाही, तुझ्या वॉर्डातल्या दोघी कुठं उठल्या होत्या. त्यांनी माझं मन राखायला म्हटलं असेल. खरंही असेल.

मोठेबाबा, मी लिहिलं ते दवाखान्याच्या रीतीनं लिहिलं. त्याच्या आदल्याच पत्रात तुम्ही मले गावची रीत सांगतली होती. दोन्ही पत्रं माझ्याजवळ एका पेटीत होती. मी ती एकमेकांजवळ ठेवून पाहिली नाहीत.

आता सोनेगावला कळवलं पाहिजे. भाऊजींना कौसल्याजवळून हलता येत नाही. भागरतामायनं ही गोष्ट टपालवाल्याकडून किंवा बाजारात कोणाकडून ऐकू नये. तुम्ही ते काम सोडलं आहे हे मी विसरले नाही. तरी मागते. दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही एकदमच सांगाव्या लागतील. एकच आधी सांगितली तर ती खोटी होईल.

या खेपेला कसं जायचं ते मी काही लिहीत नाही.

तुमची
प्रभावती


वाघदरा
ता. २४ जुलै १९५७

परभे,

पत्र भेटलं. तू म्हनलं तसं एकट्यानं वाचलं, नाल्यावर जाऊन. मंग घरी येऊन मोठ्या मायले वाचून दाखवलं, एकदाच, पूर्न. ते आयकत राह्यली. उठली, चूल पेटवली, भाकरी केल्या. मंग कोनाड्यातलं तेच सांडग्याचं गाठोडं काहाडलं अन् माह्यासमोर ठेवलं. म्हने, या खेपी घेऊन जा.

डॉक्टरले सांग, गावात आता नवीन कोनी पडत नाही. पडले ते उठले. शाया सोमवारपासून भरली. खोकला मात्र लोकायचा जात नाही, रातभर वस्तीत इकडून तिकडं चालू राह्यते. म्हाताऱ्यात सटवा तेली शेवटी पडला, तीन दिवस कन्हला, उठला. मी त्याले म्हनलं, चाय सोड.

सकायी निघालो तवा पाटील वट्ट्यावर होता. म्हने, "काय उकंडा, सांगाव्यावर का?" मी म्हनलं, "माह्या घरचा आहे." त्यानं विडी खाली ठेवली. मी थांबलो नाही.

फडकं बांधलं नाही. काठी घरी ठेवली, नाल्यात पाय घसरला तरी ठेवली. गाठोडं खाकेत. वाटभर एकच इचार, पान्याचं काय कराचं. पेलो तर सोनेगाव समजन, सारं बरं आहे, लेकरू बी. ते हासत समोर येतीन, अन् मंग मी सांगू. नाही पेलो तर समजन, कौसल्या गेली. परत तेच छाती बडवनं, अन् त्यातून मी कोनाले काय आयकवू. बापानं मले दोनच रीती शिकवल्या, पेनं अन् न पेनं. तिसरी त्यालेच कोनं शिकवली नोती.

विहिरीवर बाया होत्या. मले पायल्यावर दोर धरून उभ्या राह्यल्या. पानी घ्या असं या खेपी कोनं म्हनलं नाही. त्यायले बी भेव होतं. मी चालत राह्यलो, त्या मांगं आल्या. आंगनापरेंत आलो तवा मांगं सारी वस्ती.

भागरता दारातच होती. कोनं तरी धावत जाऊन सांगतलं असन. हातात पान्याचा तांब्या होता. आंगनात उतरली, तांब्या माह्या पुढं केला अन् माह्या तोंडाकडं पाहत राह्यली. सारे पाहत राह्यले.

मी तांब्या घेतला. अर्धा पेलो. बाकीचं आंगनातल्या मातीवर सोडलं, हयूहयू, सारं संपेपरेंत.

भागरता भुईकडं पाहत राह्यली. भिजल्या जागेकडं. मले वाटलं आता ते खाली बसन. नाही बसली. मांगच्या बायायपैकी कोनाले समजलं, कोनाले नाही, पन रडलं कोनीच नाही. मंग तिनं माह्या हातातून तांब्या घेतला, आत गेली, माठातून परत भरून आनला अन् मले देल्ला.

म्हने, "कौसल्या कवा येते?"

मी म्हनलं, डॉक्टर सोडन तवा. महिना लागन.

तिनं बाज टाकली. मी बसलो, अन् तो दुसरा तांब्या पूर्न पेलो.

उकंडा